उमेदवारांची बखर

‘उमेदवार’ हा शब्द हल्ली निवडणुका आल्या म्हणजेच विशेष ऐकू येतो. पण आपल्याकडे तो मतपेटीच्या फार आधी आला आणि आला तो कचेरीच्या ओसरीवरून. फार्सीत ‘उमेद’ म्हणजे आशा. उमेदवार म्हणजे आशा धरून बसलेला माणूस. मामलेदाराच्या कचेरीत किंवा कोर्टात एक कोपरा धरून बसायचे, कारकुनांना नकला उतरून द्यायच्या, दप्तराचे रुमाल सोडायचे आणि बांधायचे, साहेब आले की उठून उभे राहायचे, आणि या सगळ्याबद्दल एक दमडीही घ्यायची नाही, असा जो तरुण असे तो उमेदवार. कुणी कारकून पेन्शनीत निघेल, कुणाची बदली होईल, कुणाला देवाज्ञा होईल, आणि त्या दिवशी आपण तिथे हजर असू, एवढीच त्याची आशा. आजोबांच्या पिढीतील माणसे ‘तेव्हा मी उमेदवारी करीत होतो’ असे म्हणत, तेव्हा त्या शब्दात वर्ष-दोन वर्षांची उपासमार दडलेली असे.

हा उमेदवार तिथे कशासाठी बसत होता, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. पगार नव्हताच. काम शिकायला मिळे हे खरे, पण नकला उतरण्याचे काम शिकायला दोन वर्षे लागत नाहीत. तो बसत होता बातमीसाठी. जागा रिकामी झाल्याची बातमी कचेरीच्या उंबरठ्याबाहेर पडत नसे. म्हणून ज्याला ती हवी त्याने उंबरठ्याच्या आत येऊन बसावे लागे. माझ्या समजुतीप्रमाणे आपल्याकडील नोकरीचा सगळा इतिहास या एका गोष्टीभोवती फिरतो. पदवी कुणाला मिळाली, पगार किती होता, यांवर ग्रंथ झाले आहेत. पण जागा रिकामी आहे ही बातमी कुणाला आधी कळली, कुणाला उशिरा कळली आणि कुणाला कळलीच नाही, याची बखर कुणी लिहिलेली माझ्या पाहण्यात नाही. दिवाळीच्या निवांतपणात तिची चार पाने चाळावीत, एवढाच या लेखाचा हेतू.

ही बखर विशेषेकरून साध्या बी.ए.ची आहे. डॉक्टरला दवाखाना असतो, इंजिनियरला पूल आणि कारखाना असतो. त्यांची विद्याच त्यांना त्यांच्या कामाचा पत्ता सांगते. इतिहास, तत्त्वज्ञान, संस्कृत किंवा अर्थशास्त्र घेऊन पदवीधर झालेल्या तरुणाला मात्र पदवीची सुरळी हातात पडल्यावर पहिला प्रश्न पडतो तो हा की, आता कुणाच्या दारात जायचे? त्याला कोणतेही काम करता येईल, असे सगळे म्हणतात. आणि म्हणूनच नेमके कोणते काम त्याची वाट पाहत आहे, हे कुणी सांगत नाही.

पेशवाईत हा प्रश्न नव्हता, कारण पदव्याच नव्हत्या. १७१३ साली बाळाजी विश्वनाथ भट पेशवे झाले आणि त्यांच्या मागोमाग कोकणातून घाट चढून माणसे पुण्याकडे येऊ लागली. ती अर्ज करून आली नाहीत. चुलता दप्तरात आहे, मेहुणा फडावर आहे, गावचा कुणी सरदाराच्या पदरी आहे, अशा धाग्याला धरून ती आली. हस्ताक्षर चांगले, हिशेब पक्का आणि ओळखीचा कुणी जामीन राहतो, एवढे जमले की काम भागत असे. त्या व्यवस्थेला आपण सरसकट नावे ठेवू नयेत; जिथे दौलतीचे कागद सांभाळायचे तिथे माणूस माहितीतला असावा असे कुणालाही वाटणार. पण त्या धाग्याच्या बाहेर ज्याचा जन्म झाला, त्याने कितीही वळणदार मोडी लिहिली तरी त्याला पुण्यात कुणी विचारणार नव्हते.

इंग्रजी राज्यात निदान कागदावर तरी काही वेगळे घडले. १८४४ साली गव्हर्नर जनरल हार्डिंग याने एक ठराव केला. तो बंगाल प्रांतापुरता होता, पण त्यात जे सांगितले होते ते पुढे सगळ्या हिंदुस्थानात मुरले. सरकारी नोकरी देताना इंग्रजी शाळांत चांगले शिकलेल्यांना अधिक पसंती द्यावी, आणि नोकरीला लायक अशा विद्यार्थ्यांच्या याद्या शिक्षण खात्याच्या मंडळाने दरवर्षी सरकारकडे पाठवाव्या, असा तो ठराव. यातील यादीची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. उमेदवाराने कचेरीत येऊन बसण्याऐवजी त्याचे नाव कचेरीत जाऊन बसेल, ही कल्पना त्यात होती. दहा वर्षांनी, १८५४ च्या जुलैत, चार्ल्स वुड याचा प्रसिद्ध खलिता आला. विद्यापीठे काढा असे त्याने सांगितलेच, शिवाय अगदी खालच्या जागांवरसुद्धा निरक्षरापेक्षा लिहिता-वाचता येणारा माणूस पसंत करावा असेही सुचविले. शिक्षण आणि नोकरी यांची जी गाठ आपल्या समाजाच्या मनात पक्की बसली आहे, ती या दोन कागदांनी मारली.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८६२ साली त्याचे पहिले चार पदवीधर बाहेर पडले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. नोकरीची बातमी या चौघांना शोधावी लागली नसेल. बातमीच त्यांना शोधीत आली असेल. सगळ्या इलाख्यात चारच पदवीधर म्हटल्यावर दुसरे काय होणार! भांडारकर सिंधमधील हैदराबादच्या हायस्कुलाचे मुख्याध्यापक झाले, मग रत्नागिरीला आले, पुढे प्राध्यापक झाले. रानडे कॉलेजात शिकवून, भाषांतरकाराचे आणि संस्थानी कारभाराचे काम करून १८७१ मध्ये पुण्याला न्यायाधीश म्हणून आले. वागळे वकिलीत गेले, मोडक शिक्षणखात्यात. चौघांच्या वाटा पाहिल्या तर साध्या पदवीपुढची तीन दारे तेव्हाच ठरून गेलेली दिसतात : शाळा, कोर्ट आणि कचेरी. पुढची शंभर वर्षे आपला पदवीधर हीच तीन दारे ठोठावीत राहिला.

पण चाराचे चारशे व्हायला वेळ लागला नाही, आणि दारे मात्र तितक्या वेगाने वाढली नाहीत. १८८२ साली हंटर कमिशनपुढे महात्मा फुले यांनी जे निवेदन दिले त्यात प्राथमिक शिक्षणाचा आग्रह मुख्य होता, हे सर्वांना ठाऊक आहे. वरच्या वर्गांना शिकवले म्हणजे विद्या आपोआप खाली झिरपेल ही सरकारची समजूत त्यांनी खोटी ठरविली. त्याबरोबरच वरच्या शाळांतील शिक्षण व्यवहारात फारसे उपयोगी पडत नाही, सरकारी नोकरीवाचून स्वतंत्रपणे पोट भरायला ते माणसाला तयार करीत नाही, असेही त्यांनी बजावले. पदवीधर जेमतेम वीस वर्षांचे झाले होते, तोच ही तक्रार सुरू झाली होती.

या काळातील दोन माणसांच्या कथा सांगितल्या म्हणजे बातमी कशी फिरत असे ते ध्यानात येईल. दोघेही कोकणातले, दोघेही गरीब घरचे, आणि दोघेही १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले.

पहिले गोपाळ कृष्ण गोखले. थोरले बंधू गोविंदराव पंधरा रुपये पगारावर नोकरी करीत आणि त्यातले आठ रुपये गोपाळरावांच्या शिक्षणासाठी पाठवीत. अशा घरातला अठरा वर्षांचा पदवीधर म्हणजे सगळ्या घराची हुंडीच. इंजिनियरिंगचा विचार झाला, वकिलीचा झाला, आणि अखेर पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कुलात पस्तीस रुपयांवर ते साहाय्यक शिक्षक झाले. पस्तिसात भागेना म्हणून त्यांनी एका मित्राच्या साथीने एक वर्ग काढला. तो कशाचा, तर पब्लिक सर्व्हिस सर्टिफिकेटच्या परीक्षेचा, म्हणजे सरकारी नोकरीसाठी द्यावयाच्या परीक्षेची तयारी करून घेण्याचा. पुण्याच्या सदाशिव पेठेत आज स्पर्धा परीक्षांच्या वर्गांच्या पाट्या पाहून कलियुग आले असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. या धंद्याच्या आद्य पुरुषांत खुद्द नामदार गोखले आहेत!

दुसरे धोंडो केशव कर्वे. यांच्या चरित्रात बंद दार आणि उघडे दार अशी दोन्ही आहेत. मुरुडचा हा मुलगा सतरा-अठरा वर्षांचा असताना सरकारी नोकरीचा रस्ता ज्या सहाव्या इयत्तेच्या परीक्षेतून जात होता, त्या परीक्षेसाठी सोबत्यांबरोबर कुंभार्ली घाट चढून साताऱ्याला गेला. शंभराहून अधिक मैलांची ती पायपीट. आणि तिथे परीक्षकांनी त्याच्याकडे पाहून, हा वयाने लहान दिसतो, असे म्हणून त्याला परीक्षेला बसूच दिले नाही. मुलगा आल्या वाटेने परत गेला. वयाचा दाखला पुरेसा नव्हता आणि शब्द टाकणारे कुणी त्या गावात नव्हते. पुढे हाच मुलगा उशिरा इंग्रजी शिकला, पंचविशी उलटल्यावर बी.ए. झाला आणि मुंबईत पहाटेपासून रात्रीपर्यंत शाळा आणि शिकवण्या यांवर संसार चालवू लागला.

१८९० च्या अखेरीस लोकमान्य टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली आणि फर्ग्युसन कॉलेजात गणिताची जागा रिकामी झाली. ती भरण्यासाठी गोखल्यांना आठवले ते एल्फिन्स्टन कॉलेजातील आपले सहाध्यायी कर्वे. त्यांनी कर्व्यांना पुण्याला बोलावले. कर्वे तेव्हा मुंबईला, गोखले पुण्याला; बरोबरच्या माणसाला गणित चांगले येते, शिकवण्याची त्याला आवड आहे, एवढे मात्र गोखल्यांच्या ध्यानात राहिले होते. कर्वे एम.ए. नव्हते, नावाजलेले नव्हते. १८९१ साली ते फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाले, आणि पुढची त्यांची सगळी पुण्याई, हिंगण्याचा आश्रम काय आणि महिला विद्यापीठ काय, त्या एका बोलावण्याच्या पोटात होती. हे बोलावणे गेले नसते तर कर्वे मुंबईत शिकवण्या करीत राहिले असते, आणि एक कष्टाळू मास्तर एवढीच त्यांची ओळख राहिली असती.

वाचकांपैकी कुणी म्हणेल, मग हा वशिलाच की! मला तसे वाटत नाही. लायक नसलेल्याला दारातून आत ढकलणे हा वशिला, आणि आत जागा आहे हे लायक माणसाला कळविणे ही ओळख. आपल्या बोलण्यात हे दोन शब्द एकमेकांत इतके मिसळले आहेत की, सज्जन माणसे वशिल्याच्या भीतीने ओळखीचा उपयोग करायलाही लाजतात, आणि निर्लज्ज माणसे ओळखीच्या नावाखाली वशिला चालवितात.

मात्र ओळखीतही एक मोठा दोष आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. ओळख ज्याच्या त्याच्या आवारातच फिरते. गोखल्यांना कर्वे आठवले, कारण दोघे एका कॉलेजात होते. ज्यांना कॉलेजाची पायरीच चढू दिली नव्हती, ते कुणाला आठवणार? बातमी जातीच्या, गावाच्या आणि भावबंदांच्या पाटातून वाहत राहते, आणि त्या पाटाच्या कडेला ज्यांचे शेत नाही ते कोरडे राहतात. कुणाच्या मनात दुष्टावा नसला तरीही ते कोरडेच राहतात.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी हे जितके नीट ओळखले तितके त्या काळी दुसऱ्या कुणी ओळखलेले दिसत नाही. २६ जुलै १९०२ रोजी त्यांचा जाहीरनामा करवीर संस्थानच्या गॅझेटात प्रसिद्ध झाला. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांतील लोकांनी भराव्यात, हा त्यातला प्रसिद्ध भाग. पण त्यातच, या हुकुमानंतर झालेल्या नेमणुकांचा तक्ता प्रत्येक खातेप्रमुखाने दर तिमाहीस पाठवावा, अशीही आज्ञा होती. नुसता हुकूम काढला तर कारकून तो रुमालात बांधून ठेवतात, हे महाराज जाणून होते. त्याच सुमारास त्यांनी कोल्हापुरात जातीजातींची वसतिगृहे उभी करण्यास आरंभ केला होता. खेड्यातून आलेल्या मुलाला वसतिगृहात दोन वेळचे अन्न मिळे, शिवाय आणखी एक गोष्ट मिळे. कोण कुठे नोकरीला लागला, कोणत्या खात्यात जागा आहे, अर्ज कसा लिहायचा, हे जेवणाच्या पंगतीत कळे. आजवर ज्यांना पाट नव्हता, त्यांच्यासाठी महाराजांनी नवा पाट खणला तो असा.

तरीही दार उघडले म्हणजे सगळे झाले असे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली अमेरिकेतून शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. जागा होती, नेमणूक होती, विद्या तर अशी की, तिच्या जवळपास फिरकणारा माणूस त्या शहरात विरळा. पण राहायला घर मिळेना. पारशी म्हणून नाव सांगून एका पारशी विश्रामगृहात त्यांनी काही दिवस काढले, आणि जात कळताच लोकांनी काठ्या घेऊन त्यांना तिथून बाहेर काढले. ती नोकरी सोडून ते मुंबईला आले. शेअर बाजारातील व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचे काम काढले, तर सल्लागाराची जात कळल्यावर गिऱ्हाईक येईना. शिकवण्या केल्या, आणि १९१८ च्या नोव्हेंबरात सिडनहॅम कॉलेजात ते प्राध्यापक झाले. एवढ्या मोठ्या माणसाला जे सोसावे लागले, ते त्याच समाजातील साध्या बी.ए.च्या वाट्याला किती पटीने आले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

स्त्रियांची गोष्ट आणखी निराळी. कॉर्नेलिया सोराबजी या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून त्यांनी वरच्या क्रमांकाने परीक्षा दिली, अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात काही काळ शिकविले आणि ऑक्सफर्डला जाऊन १८९२ साली कायद्याची परीक्षा दिली. पण स्त्रियांना वकिली करू देणारा कायदा हिंदुस्थानात १९२३ साली झाला. तीस वर्षे विद्या तयार होती आणि दार बंद होते. त्या काळच्या शिकलेल्या मुलीला मास्तरीण किंवा डॉक्टरीण होण्यापलीकडे तिसरी वाट सुचविणारे घरात कुणी नसे. नोकरीची बातमी पुरुष कचेरीतून ऐकून येत, आणि ती माजघरापर्यंत पोचत नसे.

विसाव्या शतकात मुंबई वाढली, पेढ्या, रेल्वे, विमा कंपन्या, गोदी, म्युनिसिपालिटी वाढली आणि नोकरीच्या बातमीला नवे पाय फुटले. सर्वांत मोठे पाऊल म्हणजे वर्तमानपत्रातील ‘वॉन्टेड’. ज्या घरात एरवी इंग्रजी पत्र येत नसे, त्या घरातील मुलगा वाचनालयाच्या दारात सकाळी सात वाजता जाऊन उभा राहू लागला. पहिल्या पानावरील लढायांच्या बातम्या त्याच्या लेखी दुय्यम. तो थेट बारीक टाइपाच्या रकान्यात शिरे. या रकान्याचा मोठा गुण असा की, तो जात पाहत नसे, गाव पाहत नसे. आणा-दोन आणे टाकील त्याला, आणि वाचनालयात तर फुकट, बातमी सांगत असे. दोष असा की, तो सर्वांनाच सांगत असे. एका जागेला पोतेभर अर्ज येत. आणि ‘अनुभवी पाहिजे’ हे दोन शब्द साध्या बी.ए.च्या छातीत बाणासारखे रुतत. नोकरीवाचून अनुभव नाही आणि अनुभवावाचून नोकरी नाही, ही चक्रव्यूहाची रचना तेव्हापासूनची. जुन्या उमेदवाराने हा व्यूह फुकट राबून फोडला होता. हल्लीची मुले बिनपगारी इंटर्नशिप करून फोडतात. शब्द तेवढा बदलला.

दुसरे पाऊल टायपिंगच्या क्लासचे. साध्या पदवीला हाताचे एखादे कसब जोडले तर दार लवकर उघडते, हे मध्यमवर्गाला पटले आणि दादर-गिरगावापासून सांगली-अमरावतीपर्यंत माडीमाडीवर यंत्रे खडखडू लागली. मिनिटाला तीस शब्द, चाळीस शब्द, मग शॉर्टहँड. पण या क्लासांचे एक काम पाटीवर लिहिलेले नसे. कोणत्या कंपनीत टायपिस्ट हवा आहे, हे क्लासच्या मास्तरांना आधी कळे, कारण कंपन्यांचे हेडक्लार्क त्यांच्याकडेच विचारणा करीत. खानावळींचेही तेच. एका पाटावर रेल्वेतला, दुसऱ्यावर पोस्टातला, तिसऱ्यावर मिलच्या ऑफिसातला आणि चौथ्यावर बेकार. आमटी वाढेपर्यंत चौथ्याला तिघांच्या कचेऱ्यांची हालहवाल समजे. गोव्याकडील माणसांचे मुंबईत गावागावाचे ‘कूड’ असत, आणि बोटीवर कुठे भरती आहे याची बातमी तिथे पहिल्यांदा पोचे. मुंबईने नोकऱ्या दिल्या हे खरे, पण त्यांची बातमी या असल्या जागांनी दिली.

तरी बेकारी हटली नाही. १९२७ साली मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने इलाख्यातील मध्यमवर्गीयांच्या बेकारीचा अहवाल प्रसिद्ध केला, तर संयुक्त प्रांतात सर तेजबहादुर सप्रू यांच्या अध्यक्षतेखाली १९३४ साली याच प्रश्नासाठी समिती बसली. शिकलेला माणूस रिकामा आहे हे आता सरकारलाही मोजावेसे वाटू लागले होते.

आणि मग दुसऱ्या महायुद्धाने एक अनपेक्षित देणगी दिली. लढाई संपत आली तेव्हा लाखो सैनिक घरी परतणार होते. त्यांना कामधंद्याला लावण्यासाठी १९४५ साली सरकारने एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजे काढली. स्वातंत्र्यानंतर, १९४८ साली, त्यांची दारे सर्वांना उघडी झाली आणि १९५६ च्या नोव्हेंबरात त्यांचा कारभार राज्यांकडे आला. १९५९ साली कायदा झाला आणि १ मे १९६० पासून तो अमलात आला. योगायोग पाहा, महाराष्ट्र राज्याचा आणि राज्याच्या लोकसेवा आयोगाचा जन्मदिवसही तोच. सरकारी कचेऱ्यांनी, आणि पंचवीस किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या खासगी आस्थापनांनी, रिकाम्या जागा एक्स्चेंजला कळविल्याच पाहिजेत, असे या कायद्याने सांगितले. हार्डिंगच्या यादीचे हे शंभर वर्षांनी फळलेले झाड. जागेची बातमी ही कचेरीची खासगी मालमत्ता नव्हे, ती सार्वजनिक आहे, हे तत्त्व आपल्या देशात पहिल्यांदा कायद्यात उतरले ते इथे.

पण कायद्याला एक खिडकी होती. जागा कळविणे सक्तीचे होते, एक्स्चेंजने पाठविलेल्या माणसांतूनच ती भरणे सक्तीचे नव्हते. मी इतिहास घेऊन बी.ए. झालो तेव्हा, १९७० नंतरच्या दशकात, सगळ्या मित्रांसोबत रांगेत उभे राहून कार्ड काढले. ते कार्ड घरी आईने देवाजवळ ठेवले होते. मुदतीत त्याचे नूतनीकरण करण्याचे काम मी एखाद्या व्रतासारखे केले. काही वर्षांनी एका कचेरीतून मुलाखतीचे बोलावणे आले. गेलो तर जागा आधीच भरली होती, आणि आम्हा बाराजणांना विधी पुरा करण्यासाठी बोलावले होते. माझी पहिली खरी नोकरी मला एका पुस्तकबांधणी करणाऱ्या गृहस्थांमुळे कळली. ते एका संस्थेच्या ग्रंथालयाची पुस्तके बांधून देत. तिथला साहाय्यक सोडून चालला आहे असे त्यांनी सहज बोलता बोलता सांगितले. मी अर्ज केला, परीक्षा दिली आणि लागलो. त्यांची माझी ओळख वर्षातून दोनदा दुकानात भेटण्याइतकीच होती.

हे माझे नशीब असे मी बरीच वर्षे समजत होतो. पुढे वाचनात आले की, यामागे काही नियम आहे. अमेरिकेत मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या न्यूटन गावातील २८२ पुरुषांची पाहणी केली आणि १९७४ साली त्यावर पुस्तक लिहिले. नोकरी कशी समजली असे विचारता, निम्म्याहून अधिकांना, सुमारे ५६ टक्क्यांना, ती ओळखीतून समजली होती. आणि मौज पुढेच आहे. ज्यांनी बातमी दिली ते जिवलग होते काय? बहुधा नव्हते. नेहमी भेटणारे सहांत एक निघाले; बाकीचे अधूनमधून किंवा क्वचित भेटणारे. कारण उघड आहे. घरच्या माणसांना आणि जिवलग मित्रांना तेच माहीत असते जे आपल्याला माहीत आहे. नवी बातमी येते ती दुसऱ्या आवारात वावरणाऱ्याकडून. गोखल्यांना कर्वे आठवले ते असेच. आणि म्हणून ‘सगळ्यांना सांगून ठेव’ हा आपल्या आत्याबाईंचा सल्ला अमेरिकन शास्त्राच्या कसोटीलाही उतरतो.

त्यानंतर बातमीचे पाट रुंदावतच गेले. १९७६ साली केंद्र सरकारचे ‘एम्प्लॉयमेंट न्यूज’ हे साप्ताहिक निघाले आणि तालुक्याच्या एस.टी. स्टँडवर दिल्लीच्या जागा कळू लागल्या. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सरकारी जागांसाठी एक्स्चेंजकडून नावे मागवावीतच, पण वर्तमानपत्रांतूनही जाहिरात द्यावी. कारण ज्याचे नाव यादीत नाही त्यालाही संधी मिळाली पाहिजे. २०१५ पासून केंद्राची करिअर सेवा संगणकावर आली. आज गडचिरोलीच्या मुलाला आणि मलबार हिलच्या मुलाला एकाच क्षणी एकच जाहिरात दिसू शकते. कचेरीच्या ओसरीवर बसलेल्या त्या बिनपगारी उमेदवाराला हे सांगितले असते तर त्याने आपल्याला वेड्यात काढले असते.

पण जी बातमी सर्वांना मिळते तिच्यामागे सर्वच धावतात, आणि थोड्या जागांसाठी अभ्यासिकांतून तरुणांची वर्षामागून वर्षे जातात. शिवाय लहान संस्था, छापखाने, दुकाने, खासगी कचेऱ्या, वकिलांच्या आणि हिशेबनिसांच्या पेढ्या इथल्या असंख्य जागा आजही कोणत्याच फलकावर येत नाहीत. त्या अजून तोंडीच फिरतात. साध्या पदवीधराला ज्या जागा खरोखर जमण्यासारख्या आहेत, त्यांतल्या पुष्कळशा याच. म्हणून ज्या मुलाच्या घरात पहिलीच पदवी आली आहे, ज्याच्या नात्यात कचेरीची खुर्ची कुणी पाहिलेली नाही, त्याला मार्क कमी पडत नाहीत. त्याला पुस्तकबांधणीवाले गृहस्थ कमी पडतात.

सरकारने काय करावे यावर अहवाल पुष्कळ आहेत आणि पुढेही होतील. आपण घरबसल्या करण्यासारखी गोष्ट लहान आहे. दिवाळीत फराळाला चार माणसे जमतात. ‘आमच्याकडे एक जागा होते आहे बरं का’, असे कुणी तरी म्हणतेच, आणि लगेच भाच्याचे किंवा पुतण्याचे नाव निघते. भाच्याला जरूर सांगावे. पण तीच बातमी दूध घालणाऱ्याच्या बी.ए. झालेल्या मुलीला, कॉलनीतल्या रखवालदाराच्या मुलाला, ज्याच्याकडे आपण कपडे इस्त्रीला देतो त्याच्या थोरल्याला सांगायला किती वेळ लागतो? शब्द टाकू नये, चिठ्ठी देऊ नये. जागा आहे, अमुक तारखेपर्यंत अर्ज घेतात, एवढे सांगावे. परीक्षा त्याची तो देईल.